एकच समांतर रेषा

"सर, तुम्ही हिला काय शिकवलंत ते मला एकदा सांगा," धनाजीरावांनी मुलीची उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. मकरपुऱ्याच्या कारखान्यातली पाळी अर्ध्यावर सोडून ते शाळेत आले होते. स्नेहलता मान खाली घालून शेजारी उभी होती.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन असते, हे सिद्ध करायचे होते. तिने लिहिले होते : 'हे सिद्ध करता येत नाही.' पुढचे पान कोरे.

"वर्गात पहिली येणारी पोरगी भूमितीत नापास. बोर्डाला असंच करणार असेल तर घरी बसवतो. स्थळ आलंच आहे."

दीनानाथ सरांनी हा सिद्धान्त उभा जन्म शिकवला होता. पण दिवाळीच्या सुटीत त्यांना एक जाडजूड पुस्तक वाचायची दुर्बुद्धी झाली. ही सगळी इमारत एका गृहीतावर उभी आहे, असे त्यात होते : रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते. ते कुणालाही सिद्ध करता आलेले नाही, आणि ते नाकारूनही दुसरी भूमिती बिनचूक उभी राहते. दुसऱ्या कुणी पुस्तक मिटून चहा मागितला असता. सरांची झोप उडाली. थोरला मुलगा तापात गेला तेव्हा डॉक्टर, ज्योतिषी, देव सगळे खोटे ठरले होते. भूमिती तेवढी खरी राहिली होती. आता तीही गेली. हे दुःख घरी बोलवेना, म्हणून ते वर्गात बोलले. मुलांनी ऐकून सोडून दिले. स्नेहलताने सोडले नाही.

"अगं, गृहीत धरायचं आणि पुढे लिहायचं," सर तिला म्हणाले.

"पण गृहीतच खोटं असलं तर? कुणालाच माहीत नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

"बघा," धनाजीराव म्हणाले. "घरीही प्रत्येक गोष्टीला हेच विचारते. हिची आई रडते."

आपल्यासारखेच आणखी कुणाला तरी हे लागले, याचा सरांना आनंद झाला, आणि त्या आनंदाची भीतीही वाटली.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "पुस्तकातली सिद्धता पुरी आहे. शंका घ्यायला जागा नाही."

तिने वर पाहिले. "साचुं, सर? अगदी खरं?"

"साचुं."

ती बाकावर बसली. सिद्धता तिला पाठच होती. एकही खाडाखोड न करता तिने शेवटपर्यंत लिहिले आणि कागद सरांपुढे धरला. धनाजीरावांनी सरांना हात जोडले.

"काही अडलं तर उद्या ये," सर तिला म्हणाले.

"नाही, सर. आता काही अडत नाही."