बैलाच्या पाठीवरची बोली

लग्न लागलं, पंगती उठल्या आणि रूपाला बैलावर चढवायची वेळ झाली, तेव्हा तिचा सासरा वसराम मांडवाच्या मध्यभागी येऊन उभा राहिला.

"बैलबिल काही न्हाई," तो म्हणाला. "पोरगी सरळ गाडीत बसंल."

साखऱ्याजवळच्या त्या बंजारा तांड्यात असं कुणी कधी बोललं नव्हतं. लेक सासरी निघाली की सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहायची, दोन्ही हात वर करायची आणि आईबापाला, तांड्याला, गुरावासरांना गाऊन निरोप द्यायची. त्या गाण्याला हवेली म्हणत. रूपा आईकडून ती शिकली होती आणि पुढच्या काही ओळी तिनं स्वतःच्या जोडल्या होत्या.

"काहून, व्याही?" रूपाच्या बापानं, लखमानं विचारलं. त्याचा आवाज आधीच खाली आला होता.

"हिंगोलीहून कचेरीतले लोक आलेत माझ्या शब्दावर. त्यांच्यासमोर माझी सून बैलावर उभी राहून जंगली बोलीत गळा काढणार? कचेरीत चालते ती उर्दू, ती भाषा. एक वेळ मराठी चालंल. ही कसली भाषा? ना अक्षर, ना किताब."

वसराम जंगलखात्यात नाकेदार होता. तांडा सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. पण हे सगळं तो त्याच गोरमाटी बोलीत बोलत होता, आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

रूपाचा मामा थावरा बैलाची दोरी धरून उभा होता. लढाई संपल्यावर, गेल्या साली तो खेचरांच्या पलटणीतून परतला होता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तो मागं सरायचा. पण बाजूला उभ्या रूपाचे ओठ थरथरताना त्यानं पाहिले.

"व्याही, माझं थोडं ऐकता का?" तो म्हणाला. "बर्म्यात आमच्या खच्चरांशेजारी आफ्रिकेची पलटण होती. त्यांची बोली स्वाहिली. त्यातला ओमारी मला रोज विचारायचा, हबारी? म्हंजे, काय खबर? दुनियेला तो दुनियाच म्हणायचा, किताबाला किताबू. अरबांच्या गलबतांतून आलेले शब्द. तुमच्या उर्दूत हायेत तेच. स्वाहिली म्हंजेच किनाऱ्याची. पलटणीत कितीक जमातींचे लोक होते. घरी ज्याची त्याची बोली निराळी, पण शेकोटीपाशी सगळे स्वाहिलीत हसायचे."

"बरं मंग?"

"मंग मला कालिम्पोंगला धाडलं, नवी खच्चरं आणायला. तिथं भूतानचा पेमा भेटला. त्याची बोली जोंगखा. तिच्यातला एक शब्द ओळखीचा वाटंल तर शपथ. आवाज जरा चढला की अर्थ फिरतो. थोरामोठ्यांशी बोलताना मागं 'ला' लावायचा, आपण 'जी' लावतो तसा. जोंग म्हंजे गढी. राजाच्या गढीत बोलतात ती ही बोली. अन् पोथ्या? पोथ्या लामांच्या जुन्या भाषेत. जोंगखा नुसती तोंडात. तरी पेमाला कुणी जंगली म्हणत न्हाई."

थावराला वाटलं, आपण फार बोललो. पेमानं शिकवलेलं आपल्याला नीट समजलं तरी होतं का? पण आता थांबणं त्याहून वाईट झालं असतं.

"एक समुद्राकाठची, येईल त्याला घरात घेणारी. दुसरी डोंगरात दार लावून बसलेली. दोघींचं काडीचं नातं न्हाई. तरी दोघी भाषाच. अन् आपली बैलाच्या पाठीवरची. मिठाच्या गोण्यांबरोबर तिनं मुलूख पालथा घातला. ती तेवढी भाषा न्हाई?"

वसराम मोठ्यानं हसला. "खच्चरं हाकता हाकता पंडत झाला की हा! लखमा, सांगून ठेवतो. पोरगी बैलावर चढली तर माझी गाडी रिकामी जाईल."

लखमाचा चेहरा उतरला. "रूपे, बस गाडीत, माय," तो पुटपुटला.

लग्न लागलेली लेक मांडवातच राहिली तर तिचं काय व्हायचं, हे थावरालाही कळत होतं. तरी तो तांड्याच्या नाईकाकडे वळला.

"हरिचंद नाईक, सगाईचा गूळ वाटला तेव्हा ही अट होती का?"

म्हातारा नाईक खांबाला टेकून बसला होता. तो सावकाश उठला. काय मागायचं ते सगाईत, गूळ तोंडात जाण्याआधी मागायचं. गूळ खाल्ला की दोन्हीकडच्यांची तोंडं बंद. तांड्यातल्या लेकरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट नाकेदार कचेरीच्या वाऱ्यात विसरला होता.

"न्हाई," नाईक म्हणाला. "वसराम, तू माझ्यासमोर गूळ खाल्लास. बोटं चाटलीस. तेव्हा अट बोलला न्हाईस. आता गाडी रिकामी नेलीस तर लग्न तू मोडलंस. मंग कोणत्या तांड्यात तुला पाणी मिळतं, ते बघू."

वसरामनं नाईकाशेजारी बसलेल्या पंचांकडे पाहिलं. त्यांनी नाईकाच्या बोलण्यावर माना डोलावल्या. त्यानं मुलाकडे, नवरदेव नेमसिंगकडे पाहिलं. नेमसिंग खाली बघत म्हणाला, "बापू, गाऊ द्या तिला."

रूपा कुणाच्या परवानगीसाठी थांबलीच नव्हती. "मामा, बैल घट्ट धर," म्हणत तिनं पाय टाकला आणि ती वर चढली. तिनं हात वर केले. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसऱ्या ओळीला भरला. बाया रडू लागल्या. कचेरीतले पाहुणे पान खायचं सोडून मांडवाबाहेर येऊन उभे राहिले.

वसराम पाठ फिरवून गाडीत जाऊन बसला. रूपानं आईला गायलं, बापाला गायलं, म्हशीला गायलं, आंब्याला गायलं. ऊन कलायला लागलं.

"झालं का?" वसराम गाडीतून ओरडला.

बैलाची दोरी हातात गुंडाळत थावरा म्हणाला, "न्हाई, व्याही. अजून विहीर राहिली."