खालची फळी

मी एका चित्राची सगळ्यात खालची फळी बोलतेय. माझ्यावर एक माणूस आहे, बोटाच्या पेराएवढा. पाठमोरा, मान वर करून उभा. तो जे पाहतोय ते आता माझ्याजवळ नाही.

पूर्वी माझ्या वरच्या बाजूला जोडलेल्या आणखी बारा फळ्या होत्या. चित्रकारानं त्यांवर एक कडा रंगवला होता, काळा, ओला, ढगात घुसलेला. चित्रकाराची एक खोड होती. चित्रासमोर जमिनीवर तो खडूची रेघ मारायचा आणि येईल त्याला तिथं उभं करायचा. कुणी "छान" म्हटलं की हिरमुसायचा. बघणारा नकळत पाऊलभर मागे सरला, तरच चित्र जमलं.

दोन वर्षं कडा रंगवला, तरी कुणी सरेना. मग एक दिवस त्यानं माझ्यावर हा इवलासा माणूस काढला. दुसऱ्या दिवशी दूधवाली रेघेवर आली. तिनं आधी माणसाकडे पाहिलं, मग वर, आणि तिचं पाऊल मागे गेलं.

"बाई गं," ती म्हणाली, "केवढा उंच हा!"

"झालं चित्र," तो म्हणाला. मला केवढा अभिमान वाटला.

वाचनालयानं चित्र मागितलं. चित्रकारानं त्यांची भिंत तीनदा मोजली, पण आपल्याच खोलीचं दार मोजायचं राहिलं. आणि नेमका न्यायच्या दिवशी हा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात.

घरी त्याची लेक होती. हमालांनी चित्र उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. दार वीतभर कमी पडत होतं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी, आणि घरमालक चौकटीला हात लावू देईना. सुतार गुडघ्यांवर बसला आणि त्यानं माझ्यावरून अंगठा फिरवला.

"ताई, ही फळी काढू. हिच्यावर काहीच नाही. नुसता दगड आणि हा एक ठिपका."

लेकीनं दाराकडे पाहिलं, मग चित्राकडे. मला ओरडता आलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. बाबांना विचारावं, तर ते ऑपरेशनच्या टेबलावर. हमाल घड्याळ बघत होते.

"काढा," ती म्हणाली. करवत लागली तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

ऑपरेशन फसलं, चित्रकाराची नजर परत आली नाही. उजेड तेवढा कळतो. बरं वाटल्यावर तो लेकीबरोबर वाचनालयात गेला आणि चित्रापाशी कान देऊन उभा राहिला. लोक "छान आहे" म्हणून पुढे जात होते. एकही पाऊल मागे सरलं नाही.

"जमलंच नव्हतं ते," घरी येऊन तो म्हणाला. "दूधवालीनं माझं मन राखलं असेल."

लेकीला राहवलं नाही. तिनं मला माळ्यावरून काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. "जमलं होतं, बाबा. मीच कापलं." आणि सुताराचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

त्याचा अंगठा माझ्यावरून सरकत माणसापाशी थांबला. मला धडकी भरली, आता चुलीत घालतो की काय.

"होती तिथं लाव हिला," तो शेवटी म्हणाला. "आणि रेघ मार."

आता मी त्याच्याच खोलीत, मोकळ्या भिंतीच्या तळाशी आहे. काल तोच सुतार खिडकी दुरुस्त करायला आला आणि रेघेवर थबकला. त्यानं माणसाकडे पाहिलं, मग वर, कोऱ्या भिंतीवरून पार छतापर्यंत. त्याची चप्पल मागे घासली.

"कोण सरलं?" खुर्चीतून प्रश्न आला.

"मी, काका." त्यानं पुन्हा छताकडे पाहिलं. "पण वर तर काहीच नाही."

"खालीही काहीच नव्हतं ना रे?"

तुम्ही आलात तर रेघेवर जरा थांबा, घाई करू नका. आणि वाचनालयात माझा कडा भेटला, तर त्याला सांगा, माणूस अजून वर बघतोय.