जहाजाचं तोंड घराकडे

पैज अशी लागली: विलाड्सचं चित्र कप्तानानं नाकारलं, तर एल्सेबेनं भर बाजारात माझ्या बोकडाला लवून नमस्कार करायचा. घेतलं, तर मी तिचा लाल घागरा नेसून धक्क्यावर, हेरिंग माशांच्या पिंपावर चढून नाचायचं.

एल्सेबे म्हणजे शेजारची बियरवाली विधवा. माझ्या शिडं शिवायच्या दुकानाची आणि तिची भिंत एकच.

"मोएन्स, घागरा आत्ताच मापून घे," ती म्हणाली. "नंतर पोटावर उसवशील."

"तू कंबर शेकून ठेव, वहिनी. बोकडाला अर्धवट वाकलेलं चालत नाही."

अख्ख्या हेल्सिंगोर बंदराला तेव्हा खाज सुटली होती. उत्तरेचा वारा हटायला तयार नाही, जहाजं नांगर टाकून नुसती डुलतायत, खलाशी मोकाट कुत्र्यांसारखे गल्ल्या हुंगतायत. जो तो बोलता बोलता मान वर करून ढग बघायचा. वारा दक्षिणेचा झाला की बंदर रिकामं, हे पोरासोरांनाही ठाऊक.

सगळ्यात जास्त तडफड विलाड्सची. हा गडी जन्मभर कप्तानांना त्यांच्या जहाजांची चित्रं काढून देत आला, पण स्वतः कधी मासेमारीच्या बोटीपलीकडे गेला नाही. आता कप्तान टॉनिंग हिंदुस्थानात, आपल्या डेन्मार्कच्या ट्रांकेबार वसाहतीला निघाला होता. त्याला त्या सफरीवर पुस्तक लिहायचं होतं आणि पुस्तकात चित्रं हवी होती. तो विलाड्सला म्हणाला, "आधी माझ्या जहाजाचं चित्र काढ, बायकोसाठी. पसंत पडलं तर तुला नेतो. नाही तर दुसरा बघतो."

विलाड्स जेवेना, झोपेना. मी रोज समोरच्या त्याच्या माडीवर जाऊन त्याला छळायचो.

"एक दोर कमी काढलायस."

"कुठला?" तो दचकून विचारायचा.

"तुझ्या गळ्यातला."

तो ब्रश फेकून मारायचा. हा गेला तर मी कुणाला छळणार, सांगा!

कप्तान आला तो सकाळीच. चित्राला नाक लावून एकेक दोर तपासला. सगळं बिनचूक. मग कप्तान मागे सरला.

"हे चाललंय कुठं?"

"ट्रांकेबारला, साहेब."

"म्हणजे जातंय. मागं आपला किल्ला, तोंड उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, खुल्या समुद्रात. माझी बायको रोज सकाळी उठून मला जाताना बघणार? घरातल्या भिंतीवर जहाज येणारंच लागतं, बाबा. हे नको."

"वहिनी!" मी खिडकीतून ओरडलो. "बोकडाला आंघोळ घालतो!"

तेवढ्यात खाली गल्लीत कालवा उठला. वारा फिरला होता! दारं आपटली, बूट खडखडले, कप्तानानं टोपी उचलली आणि पळाला.

विलाड्स भिंतीला टेकून खाली बसला. मी म्हटलं, "अरे, जहाज वळवायचं म्हणजे सगळं नव्यानं काढायला हवं. ऊठ, बियर पाजतो."

तो उठला, पण बियरसाठी नाही. टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि सरळ आमचा किल्ला पुसून टाकला!

"अरे, डोकं फिरलं का तुझं? राजाचा किल्ला आहे तो!"

तो ऐकतोय कशाला. किल्ल्याच्या जागी बुटका हिरवा किनारा ओढला, त्यावर एक बुरूज. खाडीपलीकडचा, समोरचा स्वीडन! जहाजाला बोटसुद्धा लावलं नाही. ओलं चित्र डोक्यावर घेऊन धावत सुटला, मी मागोमाग.

कप्तान बोटीत पाय ठेवत होता. बायको धक्क्यावर उभी.

"स्वीडन?" कप्तान गरजला. "माझ्या दिवाणखान्यात स्वीडन?"

लोक खदाखदा हसले. विलाड्सला धाप लागलेली.

"आधी मी बोटीत बसून काढलं होतं, साहेब. आता बाईसाहेबांच्या खिडकीत उभं राहून काढलंय. तिथून समोर स्वीडनच दिसतं की नाही? मग आता उजवीकडे तोंड म्हणजे कुठं?"

कप्तानाच्या आधी बायकोच बोलली. "दक्षिणेला. घरी येतंय हे." तिनं दोन्ही हात पुढं केले. "द्या इकडं. कडेला धरते, रंग ओला आहे."

कप्तान घसा खाकरत विलाड्सला म्हणाला, "सामान कुठाय?"

सामान कसलं! टर्पेंटाइनचा बोळा तेवढा हातात. मीच मूर्खासारखा पळत गेलो, त्याचा कोट आणि रंगांची पेटी आणली आणि सुटलेल्या बोटीत भिरकावली. पेटी त्याच्या गुडघ्यावर आदळली. बरं झालं.

वळून बघतो तर एल्सेबे घागरा पसरून उभी.

"वहिनी, जरा गर्दी ओसरू दे ना."

"गर्दीसाठीच तर आणलाय, भावजी."

चढलो पिंपावर. घागरा पोटावर टरकन उसवला. शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी एक हेरिंगही फेकून मारली. शिडं फुगवलेली जहाजं समोरून एकामागून एक निघालेली आणि खलाशी शिड्यांवर लटकून मला बघतायत. मी दोन्ही हातांनी घागरा उचलून असा नाचलो की पिंप हललं.

ज्याच्यासाठी नाचलो, तो विलाड्स तेवढा बघत नव्हता. टॉनिंगच्या जहाजाच्या कठड्यावर ओणवा होऊन भडाभडा ओकत होता.

"अरे, अजून बंदरातच आहेस!" मी ओरडलो आणि आणखी एक गिरकी घेतली.