वरच्या भोकातली खीळ

“महिपत, जरा धर रे हे टोक.”

आनंदाने लोखंडी दांडा एका बाजूने उचलून धरला होता. दुसरी बाजू काही जमिनीवरून सुटत नव्हती. दोन हात अंतरावर महिपत उकिडवा बसला होता, पण तो हलला नाही. त्याने दोन्ही हात काखेत घातले.

“हात नाय लावनार मी. सांगितलाय ना तुला.”

आनंदाने दांडा खाली ठेवला. आठ दिवस हेच चाललं होतं. लहानपणापासूनचा दोस्त समोर बसलेला असला की तोंडातून हाक जातेच, त्याला इलाज नाही.

मानपाड्याच्या रस्त्याला लागून आनंदाची झापांची शेड होती. लढाईच्या दिवसांत कल्याणला लष्कराच्या छावणीत तो गाड्या दुरुस्त करायचा. छावणी उठली तेव्हा तो गावाकडे आला आणि जमीनमालक अण्णांच्या जागेत त्याने भाता लावला. आता शेडच्या मध्यभागी अण्णांचंच यंत्र उभं होतं. बागेतला छोटा ट्रॅक्टर, दोन चाकांचा, मागून मुठी धरून चालत हाकायचा. मुंबईच्या कुठल्याशा बंगल्यात त्याने आजवर नुसतं गवत कापलं होतं. त्याला आता नांगर जोडायचा होता आणि नांगरानंतर ढेकळं फोडायला तव्यांचा कुळव.

ते कशासाठी, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. नव्या कायद्याने कुळं कसत असलेल्या जमिनी कुळांच्या व्हायच्या होत्या. मालकांसाठी मात्र एक दार उघडं ठेवलेलं होतं. आपण जातीने कसणार, असं मालकाने दाखवलं तर जमीन त्याला परत मिळत होती. हाताखाली मजुरीचे गडी असले तरी चालत होतं. अण्णा डोंबिवलीला राहायचे, मुंबईतल्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी तसा अर्ज केला होता, आणि ते खरंच कसतात का हे बघायला कचेरीचा माणूस येणार होता. जमीन म्हणजे शीळफाट्याच्या अंगाचं एकच मोठं खाचर, आणि ते महिपतच्या आज्यापासून त्याच्या घरात कसायला होतं. शाळेच्या मास्तरांनी महिपतला बजावलं होतं, “त्या यंत्राला बोटसुद्धा लावू नकोस. लावलंस की तू कूळ नाहीस, अण्णांचा गडी झालास. ते लिहूनच घेतील.”

म्हणून महिपत रोज यायचा, हात काखेत घालून बसायचा आणि आपली जमीन कोणत्या हत्याराने जाणार ते बघत राहायचा.

आनंदाला त्याच्याकडे बघवत नव्हतं. काम नाकारावं, तर शेड अण्णांच्या जागेत. वाईट करावं, तर हात ऐकत नव्हते. रबरी चाकं घसरतील म्हणून त्याने लोखंडी पट्ट्यांची खुरं ठोकून दिली. यंत्र हलकं म्हणून छावणीच्या भंगारातली वजनं शोधून चाकांना बांधली. तव्यांच्या कडा घासून अशा धारदार केल्या की त्याचा त्यालाच अभिमान वाटला, आणि मग लाज वाटली.

शेवटी त्याने एकच गोष्ट केली. नांगराच्या दांड्याला पाच भोकं होती. खीळ जितक्या वरच्या भोकात, तितका फाळ खोल. त्याने खीळ सगळ्यात वरच्या भोकात ठोकली. खाली घट्ट जमीन लागली की यंत्र गुरगुरून बंद पडेल, तेही कचेरीच्या माणसासमोर. मग कसलं कसणं आणि कसलं काय! हे तो महिपतला बोलला नाही. त्या रात्री कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचे अव्वल कारकून खाचराच्या बांधावर छत्री टेकून उभे राहिले. अण्णांनी धोतराचा काचा मारला होता, पायांत कॅनव्हासचे बूट होते. माणूस वाईट नव्हता. महिपतच्या पोरीच्या लग्नात त्यांनी लुगडं दिलं होतं. “कायद्याने जे माझं आहे तेवढंच मागतोय रे,” असं ते महिपतला दोनदा म्हणाले होते, आणि दोन्ही वेळा त्यांचा आवाज खाली आला होता.

त्यांनी मुठी धरल्या आणि यंत्र सुरू झालं. फाळ टेकला, आत गेला. चार पावलांवर इंजिन गुरगुरलं. 

यंत्र बंद पडलं नाही. खुरांनी जमीन धरली, वजनांनी चाकं दाबून ठेवली आणि धूर ओकत ते पुढे सरकलं. आनंदाचं काम चोख होतं, तेच त्याच्या मुळावर आलं. फाळामागून काळी माती वर येत होती, आणि काळ्या मातीखालून फरशीच्या तुकड्यांसारखी पिवळट, चपटी ढेकळं.

“थांबा! अण्णा, थांबा!”

महिपत बांधावरून उडी टाकून धावत आला. त्याने अण्णांच्या हातांवरून हात घालून यंत्र बंद केलं, गुडघ्यावर बसला, दगडाने खीळ ठोकून काढली आणि दोन भोकं खाली घातली. हे सगळं इतक्या झटक्यात झालं की मास्तरांचे शब्द त्याला आठवायला वेळच मिळाला नसावा.

“तल फुटतोय,” तो धापा टाकत म्हणाला. “चार बोटांखाली जायाचा नाय. बैलांच्या पायांनी तुडवून बसवलेला तल हाय हा. फुटला का पानी ऱ्हानार नाय. मग भात कनचा व्हतोय हितं?”

 लोहाराला लोखंड कळतं. खाचराला तळ असतो, तो फुटतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“कुणी घातली इतक्या वर खीळ?” अण्णा चिडून म्हणाले.

आनंदाने तोंड उघडलं. त्याला शेड दिसली, भाता दिसला, चुलीपुढची बायको शेवंती दिसली.  महिपतने त्याच्याकडे पाहिलं. एकदा खिळीकडे पाहिलं, पुन्हा आनंदाकडे. सगळं समजल्याचं त्याच्या डोळ्यांत आनंदाला स्पष्ट दिसलं.

“मीच घातली,” महिपत म्हणाला. “चुकली माजी.”

कारकुनांनी वहीतून मान वर केली.

“म्हणजे यंत्राचं काम तू बघतोस?”

महिपत उत्तर द्यायला गेला आणि थबकला. आपण काय बोलून बसलो, ते त्याला तेव्हा उमगलं. हात आपोआप काखेकडे निघाले, पण ते कोपरापर्यंत तेलाने आणि मातीने माखले होते. नाही म्हणायचं, तर खीळ कुणाची ते सांगावं लागणार होतं.

“व्हय,” तो म्हणाला.

“जुना गडी आहे आमचा,” अण्णा हळूच म्हणाले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

कारकुनांनी लिहिलं. टोपण लावलेला पेन खिशात जाईपर्यंत आनंदा त्या वहीकडे बघत होता. एक शब्द बोलायचा होता, आणि तो त्याच्याने बोलवला नाही. पुढेही कधी बोलवला नाही.

कारकून बांधावरून परत निघाले. महिपत नांगरलेल्या तासात बसून पिवळी ढेकळं एकेक करून होती तशी खाली घालत होता, वरून टाचेने दाबत होता. आनंदा जवळ जाऊन उभा राहिला.

“महिपत, मी...”

“पावसाआधी बसंल पुन्ना,” महिपत म्हणाला. “पानी थांबंल.”

बांधावरून अण्णांचा आवाज आला, “महिपत, तो कुळवही जोडून घे रे. ऊन व्हायच्या आत उरकू.”

महिपत उठला. धोतराला हात पुसले, कुळवाचं एक टोक उचललं आणि आनंदासमोर हात पसरला.

“पाना दे,” तो म्हणाला. “आता हात लावलाच हाय.”