न कापलेल्या तीन पट्ट्या

साहेब, फ्रीज बंद पडला हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही निकाल दिलात.

भावनानं तो तुमच्याच तोंडून ऐकला. वरठीची भावना अन् तिचा नवरा अश्विन, दोघंही सिकलसेलचे वाहक. स्वतः धडधाकट, पण लेकराला आजार व्हायचा धोका. म्हणून तुम्ही पोटातल्या गर्भाचा अन् त्या दोघांचाही नमुना घेतलात. समजावताना जीभ किती गोड तुमची! "विकर म्हणजे फ्रीजमध्ये जपावी लागणारी कात्री समजा. डीएनएमधली ठरावीक जागा ओळखून तिथंच कापते. सिकलच्या जनुकात तीच जागा बिघडलेली, म्हणून कापत नाही." मग तपासणीत उमटलेल्या रांगांचा फोटो दाखवलात. "बघा, बाळाची पट्टी अख्खीच. आजारी आहे."

भावनानं फक्त बाळाची रांग पाहिली. तिची नणंद मेघा लहानपणापासून सिकलनं पिळून निघालेली. तिचं कण्हणं भावना रोज ऐकत होती. ते लेकराच्या नशिबी नको म्हणून तिनं गर्भ पाडून घेतला.

अश्विननं मोबाइलवर काढून आणलेला तो फोटो मेघानं नंतर पाहिला.

"वयनी, या तीन रांगा कोनाच्या?"

"एक बाळाची, एक माही, एक तुया दादाची."

"तिन्ही अख्ख्याच? म्हन्जे तुयं बी कापलं नाही, दादाचं बी नाही?"

"नाही वाट्टे."

"मंग तुमी दोघं बी मायासारखेच सिकलवाले झाले न! अवो, तू धानाच्या रोवन्यात दिवसभर वाकून रायतेस. मी बादली उचलली का खाटेवर पडतो. तुयी हाडं कधी दुखली व?"

भावना हसली, अन् हसता हसता खालीच बसली. वाहकाचं एक जनुक चांगलं असतं, म्हणजे अर्धं तरी कापलं जायलाच हवं होतं. कात्रीच मेलेली होती.

दोघी तुमच्या तपासणी केंद्रावर आल्या. तुम्ही मीटिंगमध्ये. दारातला शिपाई बोलून गेला, "त्या हप्त्यात फ्रीज बंदच होता न बाई. साहेबाले सांगतलं होतं मी."

लेकरू आजारी होतं की निरोगी, हे आता कुणालाच कळणार नाही. नमुनाही तुम्ही फेकून दिलात.

भावना अजून तुमच्या दारात बसली आहे. तिला माफी नको. त्या दिवशी कात्री चालते का हे बघायला, या तिघांच्या नमुन्यांशेजारी एखाद्या निरोगी माणसाचा नमुना कापून पाहिला होतात का? नसेल, तर तिचं लेकरू आजारी आहे हे कशावरून सांगितलंत? बोला.