आधी रिकामी वाटी

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. म्हातारी वस्तू कुरकुरली की लोक म्हणतात, गंजली असेल. म्हणू देत. माझी स्प्रिंग अजून ताठ आहे, सुई अजून लाल आहे, आणि माझ्यावर आलेला आळ तुम्हाला सांगितल्याशिवाय माझे मन हलके व्हायचे नाही.

एका लहानशा कारखान्यात मी घडलो. पत्र्याचे पांढरे अंग, काचेआड आकड्यांची तबकडी, डोक्यावर एक ताटली आणि पाठीमागे एक पितळी स्क्रू. हा स्क्रू लक्षात ठेवा. कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एक बाई बसत. प्रत्येक नव्या काट्यावर त्या एक किलोचे वजन ठेवत. सुई केसभर चुकली तरी काटा मागे जाई. मी पहिल्याच फेरीत पास झालो. त्या दिवसापासून मी कधी खोटे बोललेलो नाही. हे मी छाती काढून सांगतो, मला छाती नसली तरी.

पंधरा वर्षे मी एका बेकरीत होतो. तिथले मालक मोठे कडक. नवा कारागीर आला की त्याला पीठ मळायला लावण्याआधी ते माझ्यासमोर उभे करत.

"आधी रिकामं भांडं ठेव," ते सांगत. "मागचा स्क्रू फिरव, सुई शून्यावर आण. मग पीठ घाल. नाहीतर गिऱ्हाइकाला पावाऐवजी भांडं खायला घालशील."

कारागीर हसत, पण शिकत. त्या पंधरा वर्षांत माझ्या मापाचा पाव कधी बसला नाही. पुढे मालकांची पाठ दुखू लागली, बेकरी बंद झाली आणि त्यांनी मला आपल्या धाकट्या बहिणीच्या घरी दिले. तिथली मुले त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही त्यांना आता मामाच म्हणतो.

त्या घरातली आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून काढायचे, गाड्यावर टाकायचे आणि तो गाडा ढकलत वाळवणीच्या खोलीत न्यायचा. आठ तास उभ्यानेच. तिचा उजवा गुडघा झिजला होता. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण आधी वजन सात किलो उतरवा. पाच महिन्यांनंतरची तारीख देतो. वजन उतरलं नाही तर ती दुसऱ्याला जाईल." आणि धुलाईखान्याच्या मुकादमाने आधीच बजावले होते, की जिला उभे राहवत नाही तिच्यासाठी तिथे खुर्ची नाही.

मित्रांनो, आता माझ्या रागाचे कारण ऐका.

दिवसाला किती कॅलरी खायच्या, हे त्या घरात कसे ठरले असेल? आत्याने आपल्या पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. आत्या म्हणजे मुलांच्या बाबांची बहीण. अंगाने चवळीची शेंग. दिवसभर टेबलाशी बसून टंकलेखन करते. तिला तिच्या आहारतज्ज्ञाने तो कागद लिहून दिला होता. वर ठळक आकडा होता, बाराशे. खाली कशाचे किती ग्रॅम, तेही होते.

"हा घे वहिनी," आत्या म्हणाली. "माझे चार किलो उतरले यावर. डोळे झाकून कर."

आणि आईने खरोखरच डोळे झाकून केले. कोणी विचारले नाही, की बसून काम करणाऱ्या किरकोळ बाईचा आकडा गठ्ठे उचलणाऱ्या थोराड बाईला कसा पुरेल. दुसऱ्याची चप्पल पायात घालताना माणसे माप बघतात. दुसऱ्याची भूक मात्र खुशाल पोटाला बांधतात.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण वजन कसे करायचे, तेही आत्यानेच दाखवले. तिच्या घरी विजेवर चालणारा काटा आहे. त्यावर वाटी ठेवून बटण दाबले, की तो आपोआप शून्य दाखवतो. त्याच सवयीने तिने माझ्यावर स्टीलची वाटी ठेवली. माझी सुई ऐंशी ग्रॅमवर गेली. तिने पाहिलेसुद्धा नाही. बोलता बोलता तिने वाटीत भात घातला आणि सुई दीडशेवर येताच डाव थांबवला.

"हे बघ, दीडशे ग्रॅम भात."

दीडशे? ऐंशीची वाटी आणि सत्तरचा भात! मी सुई थरथरवली, स्प्रिंग करकरवली. आत्या म्हणाली, "जुना झालाय गं हा, डुगडुगतो." माझ्या पाठीवरचा पितळी स्क्रू तिथेच होता. त्याला कोणी बोट लावले नाही.

तेव्हापासून भात असो, बटाटे असोत, डाळ असो, प्रत्येक घासाबरोबर आई वाटीचे वजन मोजत राहिली. आधीच अपुरा आकडा, त्यातही निम्मे स्टील. धुलाईखान्यात गठ्ठे तोलायचा मोठा काटा आहे. दर शनिवारी ती त्यावर उभी राहायची. पहिल्या पंधरवड्यात तीन किलो उतरले तेव्हा घरात कोण आनंद झाला! मग तिचे हात कापू लागले. गाडा ढकलताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. आणि एका संध्याकाळी कामावरून आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. ओट्याशी उभी राहून तिने अख्खा पाव कोरडाच खाल्ला. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते. असे तीन-चारदा झाले. उतरलेले तिन्ही किलो परत आले.

आत्या म्हणाली, "चोरून खात असशील. कागद कसा खोटा ठरेल?"

"पाव खाल्ला, लपवत नाही," आई म्हणाली. "पण बाकी सगळं तोलूनच खाते गं."

"मग काटा खोटा असेल."

काटा खोटा! जाड चष्म्याच्या बाईंनी पारखलेला मी, पंधरा वर्षांत एकाही पावाशी बेईमानी न केलेला मी, खोटा! त्यांनी मला उचलून कपाटावर फुटक्या बरणीशेजारी टाकले. अपमान गिळायला मला घसा नाही, म्हणून तो स्प्रिंगमध्येच अडकून राहिला.

दीड महिना असा वाया गेला. मग एका रविवारी मामा आले. बहिणीचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी विचारले, "माझा काटा कुठे आहे?" त्यांनी मला खाली घेतले, बाहीने माझी काच पुसली आणि म्हणाले, "कसं तोलतेस, दाखव."

आईने वाटी ठेवून भात घातला. मामा बघतच राहिले. त्यांनी भात काढला आणि रिकामी वाटी परत माझ्यावर ठेवली. सुई ऐंशीवर थांबली.

"हे काय आहे?"

आई वाकून सुईकडे पाहू लागली.

"अगं, बेकरीवाल्याची बहीण ना तू? दीड महिना वाटी खातेयस."

आधी ती हसली, मग खुर्चीवर बसून रडली. मामांनी स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली. मग तो कागद उचलला. "हा कोणाचा?"

"वन्संचा."

"त्यांना गुडघेदुखी नाही, गाडा नाही, तुझी उंची नाही. त्यांचं पोट तू कशाला चालवतेस? उद्या इस्पितळात जाऊ. तिथल्या आहारतज्ज्ञाला विचारू."

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर आईने सगळे ओट्याशी उभ्याउभ्याच सांगितले. आहारतज्ज्ञाने आकडा लगेच दिलाच नाही. आधी वय, उंची, वजन विचारले. मग विचारले, "दिवसभर करता काय?" गठ्ठ्यांचे ऐकून तो म्हणाला, "बाई, बाराशेवर तुम्ही उभ्या राहिलात हेच नवल." त्याने साडेअठराशे लिहिले. आठवड्याला अर्धा किलो उतरला की पुरे, आणि दर महिन्याला येऊन आकडा पुन्हा तपासायचा.

"साडेअठराशे?" आत्या म्हणाली. "त्याने कुठे वजन उतरतं?"

उतरले. हळूहळू, गोगलगायीच्या पावलांनी, पण गाड्याला हात लावताना अंधारी न येता. चौदा आठवड्यांनी शनिवारच्या काट्याने सात किलो कमी दाखवले. तारीख तिचीच राहिली. परवा ऑपरेशन आहे.

आत्याने अजून माझी क्षमा मागितलेली नाही. मी वाट पाहणे सोडले आहे. काल मात्र तिने आपला कागद गुपचूप पर्समध्ये परत ठेवला, ते मी पाहिले.

मित्रांनो, मला पुसा, पुसू नका. पण मोठे झाल्यावर कोणाच्या ताटात किती असावे हे ठरवायची वेळ आली, तर आधी त्या माणसाला विचारा, की तू दिवसभर काय उचलतोस? आणि आकडा चुकला तर काट्याला किंवा उपाशी माणसाला खोटे म्हणण्याआधी एकदा मागचा स्क्रू बघा.

आज सकाळी आईने माझ्यावर रिकामी वाटी ठेवली, सुई शून्यावर आणली, आणि मग भात वाढला. पुरे दीडशे ग्रॅम. सगळा भातच.