चित्रांखालचा रकाना

धर्मेंद्रने मॉनिटर काउंटरवरून परसरामकडे वळवला, आणि वायर पुरेना म्हणून खालचा कॉम्प्युटरचा डबाही पायाने पुढे ढकलला. बाजाराचा दिवस होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसं ताटकळली होती, प्रिंटरमध्ये कागद अडकला होता आणि सर्व्हर सकाळपासून रडत होता. साकोलीच्या बस स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवायचं म्हणजे लोकांच्या शिव्या सरकारच्या वतीने आपण खायच्या, हे तो कधीचंच शिकला होता. तरी दर बाजाराला आधी या म्हाताऱ्याचं काम व्हायचं.

"सापडलं, काकाजी," तो हळूच म्हणाला. "प्रतिक्षा कुठं बसते ते."

पडद्यावर समुद्राकाठच्या एका दूरच्या शहरातली कार्यशाळा होती. कौलारू पडवी, मातीची भांडी, भिंतीलगत चित्रकारांना भाड्याने देण्याची टेबलं. खाली गल्लीचं नाव आणि घराचा नंबरसुद्धा होता.

परसराम बघत राहिला. राइस मिलमध्ये जन्म काढलेला माणूस, कोंड्याने डोळे कायमचे लाल झालेले. हे डोळे आता भरून येतील, असं धर्मेंद्रला वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्याची तो वाटच पाहत होता.

"हे तिनं सांगतलं तुले?"

"नाही. मीच शोधलं."

"लय वेळ लागला असंन."

"कायचा वेळ? चहा थंडा व्हायच्या आत सापडलं."

परसरामने मान हलवली, पिशवी उचलली आणि तो बाजाराच्या गर्दीत उतरला.

प्रतिक्षा त्याची एकुलती एक लेक. वच्छलाबाई लवकर गेली, त्याने एकट्याने वाढवली आणि तुमसरला दिली. नवऱ्याचं नाव मोनू. तो मारायचा. एकदा पोरगी गळ्यावर वळ घेऊन माहेरी आली, तेव्हा परसरामने चार माणसं बसवली, जावयाकडून कबुली घेतली आणि लेकीला परत नांदायला पाठवली. लोक म्हणाले, संसार वाचला. पुढे एक दिवस ती तिथूनच निघून गेली, माहेरची पायरी काही चढली नाही. चुलत बहिणीला एकदा फोन केला, जिवंत आहे, शोधू नका, एवढंच बोलली. मोनू मात्र शोधत होता, आणि सापडली तर तिचं काय करणार तेही चौकाचौकात सांगत होता. एकदा तो या दुकानातही येऊन गेला होता. तिने इथून काही कागदपत्रं मागवली का, असं गोडगोड बोलून त्याने विचारलं. धर्मेंद्र नाही म्हणाला.

ते खोटं होतं. तिने ईमेल करून बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत मागवली होती, आणि त्या ईमेलखाली तिच्या पानाची लिंक होती. ती चित्रं काढायची आणि एका परदेशी वेबसाइटवर ठेवायची. चित्रं आवडणाऱ्यांना पैसे पाठवता यावेत म्हणून त्या वेबसाइटने क्रिप्टोचा पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनाचा खाते नंबर, मागितला होता आणि तिने तो भरला होता. वर स्वतःचं नाव, खाली चित्रं, त्यांच्याखाली एका रकान्यात आकड्याअक्षरांची ती लांबलचक माळ. मागितलं ते भरायचं, ही आपल्या सगळ्यांचीच सवय. धर्मेंद्रचं तर पोट त्याच सवयीवर चालत होतं.

अर्ध्या तालुक्याचे आधार नंबर त्याच्या हातून गेले होते आणि त्याच्या ओठांतून अवाक्षर बाहेर पडलं नव्हतं. पण परसराम काही काम नसताना दुकानात येऊन बसू लागला. पंख्याकडे पाहायचा, कुणी उठ म्हटलं की उठायचा. एका बाजाराला धर्मेंद्रला राहवलं नाही. त्याने ते पान उघडलं, रकान्यातली माळ उचलली आणि क्रिप्टोचे व्यवहार दाखवणाऱ्या दुसऱ्या एका वेबसाइटवर टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बँकेचा खाते नंबर कुणाला दिला तर त्याला आपलं पासबुक दिसत नाही. इथे नंबर म्हणजेच पासबुक, आणि तेही चव्हाट्यावर टांगलेलं. कधी आले, किती आले, कुठे गेले, कुणीही यावं आणि वाचावं. परसरामला आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तो फक्त विचारायचा, हललं का? हललं म्हटलं की त्याच्या जिवात जीव यायचा. लेक कमावते, खाते, म्हणजे आहे. पावसाळ्यात मधे बरेच दिवस काहीच हललं नाही, तेव्हा तो बाजार नसतानाही रोज येऊन उभा राहायचा.

दर महिन्याला थोडे पैसे एकाच ठिकाणी जात. तो दुसरा पत्ता धर्मेंद्रने सहज गुगलवर टाकला, तर ही कार्यशाळा निघाली. परदेशी पाहुण्यांनी देणगी द्यावी म्हणून कार्यशाळेनेच तो आपल्या पानावर छापला होता. फार अक्कल लागली नव्हती, आणि नेमकं हेच धर्मेंद्रला आता टोचू लागलं.

पुढच्या बाजाराला परसराम आला नाही. धर्मेंद्रला आधी राग आला, एवढं शोधून दिलं आणि साधा आनंदही दाखवला नाही म्हणून. मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. जे चुकचुकलं ते नवं नव्हतं. हे सगळं कुणालाही दिसतं, अशा दोन ओळी प्रतिक्षाला लिहायला हव्यात, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ते लिहायचं तर आपण बापाला पान दाखवलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि म्हाताऱ्याचा उरलासुरला आधार आपल्याच हाताने तोडावा लागला असता. थकलेल्या माणसाला चांगली कामं उद्यावर टाकायला फार कारणं लागत नाहीत.

परसराम आला तो आडवारी, बाजार नसताना, दुपारी, दुकान रिकामं पाहून.

"मोनूले येते काय रे हे?" त्याने बसायच्या आतच विचारलं.

"कोणतं?"

"हेच. तू करतं ते."

"कोणालेबी येते, काकाजी. मोबाइलवर बी होते."

"अन् ते समुद्राकाठचं घर? ते बी दिसते?"

धर्मेंद्रने मान खाली घातली.

"मंग तिले सांग. हे बंद कर म्हणा. ते घर बी सोड म्हणा."

"तिनं बंद केलं त तुम्हाले बी नाही दिसणार. हललं का नाही, काहीच नाही समजणार."

"मालूम आहे."

परसराम रस्त्याकडे वळून बसला. महामार्गावरून धानाचे ट्रक जात होते. मग त्याच आवाजात, भाव विचारावा तसं तो म्हणाला, "एकदा मीच तिले त्याच्या दारात सोडून आलो. आता त्याले तिचं दार बी मीच दाखवू काय?"

धर्मेंद्रने ईमेल उघडला. काय काय दिसतं, ते कुणालाही कसं सापडतं, सगळं लिहिलं. नावाखाली क्रिप्टोचा पत्ता ठेवू नकोस, नवा घे, दर वेळी वेगळा दे, कार्यशाळेतलं ते टेबल सोड. मोनू दुकानात येऊन गेल्याचंही लिहिलं. मग त्याची बोटं थांबली. तुम्ही सांगितलं म्हणून लिहू का, असं त्याने विचारलं.

"माहं नाव नको टाकू. तिले वाटंन, बाप बी मागावरच होता."

होताच, असं धर्मेंद्रच्या मनात आलं, आणि आपणही होतो. त्याने खाली स्वतःचं नाव घातलं आणि मेल पाठवून दिला.

उत्तर बाजाराच्या आदल्या दिवशी आलं. दुसऱ्या दिवशी परसराम येऊन बसला. धर्मेंद्रने मॉनिटर वळवला, पण पत्र आपल्या मोबाइलवरूनच वाचून दाखवलं. "धर्मेंद्रदादा, जागा सोडली. क्रिप्टोचा पत्ताही बदलला. तुमचे उपकार कसे फेडू?" पुढे आणखी एक ओळ होती. बाबांना यातलं काही कळू देऊ नका, अशी. ती त्याने गिळली. या पोरीची एक तरी गोष्ट बाहेर न फुटता आपल्याजवळ राहू द्यावी, असं त्याला वाटलं.

"माह्याविषयी काही?"

"नाही, काकाजी."

परसरामने मान हलवली. पडद्यावर जुना पत्ता होता. सगळे पैसे हजारो लोकांच्या एका सामायिक खात्यात निघून गेले होते, पुढचा माग दिसत नव्हता, शेवटी शून्य. तो शून्याकडे बघत होता आणि धर्मेंद्रला त्याच्याकडे बघवत नव्हतं. चांगलं काम केलं की बरं वाटतं म्हणतात. त्याला काही बरं वाटत नव्हतं.

"आता काहीच नाही दिसणार?"

"तिनं दाखवाले ठेवलं तेवढं दिसंन. चित्रं आहेत."

"कोणते चित्रं?"

धर्मेंद्र उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं. एवढे बाजार झाले, दर वेळी ते पान उघडलं आणि दर वेळी चित्रं भराभर वर सरकवून दोघं खालच्या रकान्यावर गेले होते. एकही चित्र त्यांनी धड पाहिलं नव्हतं. ज्यासाठी तिने पान मांडलं होतं तेच.

त्याने ते पान उघडलं. रकाना गेला होता. पहिलं चित्र एका शेळीचं होतं, भाजीच्या हातगाडीखाली सावलीला बसलेली, तोंडात कोबीचं पान.

परसरामने खिसे चाचपून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि स्टूल ओढून काउंटरला चिकटून बसला. बघतच राहिला. दारातून कुणीतरी जातीच्या दाखल्याचं विचारलं. धर्मेंद्रने हातानेच बस म्हणून सांगितलं.

"हे हिनं काढलं?"

"हो."

"दुसरं दाखव."